कॉक्लियर इम्प्लांट रोबोटने की हाताने? तोलाच्या दृष्टीने काय फरक पडतो?

मृगजा

नमस्कार मंडळी,

आईच्या ऑपरेशनचा निर्णय तोंडावर आलाय आणि एका प्रश्नावर आम्ही घरातले सगळे अडून बसलोय, म्हणून हा धागा.

आईचं वय ६३. डावा कान आठ वर्षांपूर्वी एका आजारपणात जवळजवळ बंद पडला. उजव्यावर तिचं सगळं चालायचं, पण गेल्या दोन वर्षांत तोही भराभर उतरला. श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, शब्द काही कळत नाहीत. फोन तिने कधीच सोडला, आता चार माणसांत बसणंही सोडलंय. उजव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट (आतल्या कानात तार घालून ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देणारं यंत्र) करायचं असं ठरतंय. तो कान अलीकडे गेलाय, त्यामुळे त्यात निकाल चांगला येईल, असं सर्जन म्हणाले.

त्यांनी आमच्यापुढे दोन पर्याय ठेवलेत. कानाच्या आत इलेक्ट्रोडची तार ते स्वतःच्या हाताने सरकवतील किंवा रोबोटच्या मदतीने. दोन्हीची सोय त्यांच्याकडे आहे.

मला ऐकण्याइतकीच काळजी तोलाची वाटते. दोन वर्षांपूर्वी ती रात्री उठली आणि पडली, मनगट मोडलं. तेव्हापासून अंधारात भिंतीला हात लावूनच चालते. ऑपरेशननंतर काहींना चक्कर येते, तोल जातो असं वाचलंय. रोबोटने केलं तर हा धोका कमी होतो का? ज्यांनी करून घेतलंय किंवा ज्यांचा हा विषय आहे, त्यांनी कृपया लिहा.

अनिकेत७७

मृगजाताई, माझ्या मते यात फार विचार करण्यासारखं नाही. मिळत असेल तर रोबोटच घ्या.

कारण सरळ आहे. तार जितकी हळू आत जाईल, तितका आतल्या द्रवावर दाब कमी आणि नाजूक पडद्यांना धक्काही कमी. माणसाचा हात एका मर्यादेखाली हळू चालूच शकत नाही. संशोधकांनी मोजमाप करून पाहिलंय, सेकंदाला साधारण ०.९ मिमीच्या खाली गेलं की हात सलग सरकत नाही, थांबत-थांबत ढकलतो. यंत्र सेकंदाला ०.१ मिमीनेही एकसारखं जातं. तार २५ मिमीची धरली तर हाताने अर्ध्या मिनिटात आत, यंत्राने चार मिनिटांहून जास्त.

आणि वेगाचा तोलाशी संबंध दिसलाही आहे. २०१३ साली ऑस्ट्रेलियातून एक अभ्यास आला, त्यात मिनिटाला ६० मिमी आणि मिनिटाला १५ मिमी अशा दोन वेगांची तुलना होती. हळू घातलेल्या गटात उरलेलं ऐकणंही जास्त टिकलं आणि तोलाचं कामही.

कानोसा

मृगजा, मी श्रवणतज्ज्ञ आहे आणि माझं निम्मं काम तोलाच्या तपासण्यांचं आहे. तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी एक विचारते. आईची तोलाची तपासणी झाली आहे का? ऐकण्याची नव्हे, तोलाची. व्हीएनजी (डोळ्यांच्या हालचालींची नोंद), कॅलोरिक (कानात गार-गरम पाणी किंवा हवा सोडून), व्हीहिट (डोक्याला झटका देऊन), व्हेम्प (आवाज किंवा कंपन देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजणं) यांपैकी काही?

विचारण्याचं कारण तुमच्याच लिखाणात आहे. "अंधारात भिंतीला हात लावून चालते." आपला तोल तीन आधारांवर उभा असतो: डोळे, पायांखालची जाणीव आणि आतला कान. अंधार झाला की डोळ्यांचा आधार जातो. ज्याचा आतला कान नीट आहे, तो तरीही चालतो. ज्याचा नाही, त्याचा हात आपोआप भिंतीकडे जातो. ऑपरेशन व्हायच्या आधीच आईच्या तोलात काही उणं असेल, अशी मला दाट शंका आहे.

आता रचना. कॉक्लिया म्हणजे शंखासारखं वेटोळं, ऐकण्याचं इंद्रिय. त्याला लागूनच तोलाची पाच इंद्रियं आहेत. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचं वळणं ओळखतात. सॅक्यूल आणि युट्रिकल या दोन पिशव्या सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतात. या सगळ्यांत आतला द्रव एकच. सॅक्यूल कॉक्लियाच्या सर्वांत खालच्या वेटोळ्याच्या अगदी शेजारी आहे आणि एक बारीक वाहिनी दोघांना जोडते. तार आत शिरते ती नेमकी याच टोकाकडून.

इम्प्लांट झालेल्या व्यक्तींचे मृत्यूनंतर दान केलेले कान सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा सर्वांत जास्त नुकसान सॅक्यूलचं आढळलं, त्याखालोखाल युट्रिकलचं. नलिका बऱ्याच अंशी सुटतात. म्हणून कुठल्याही अभ्यासात "तोलावर परिणाम नाही" असं वाचलं की मी आधी पाहते, कुठली तपासणी केली होती? फक्त व्हीहिट केली असेल तर ती नलिका मोजते. सॅक्यूल मोजायचा तर मानेच्या स्नायूवरची व्हेम्प लागते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण झालं. त्यात ऑपरेशननंतर कॅलोरिक आणि व्हेम्पमध्ये ठळक घट दिसली. डोक्याला झटका देऊन करायची तपासणी, उभं राहण्याची तपासणी आणि रुग्णाने स्वतः भरलेली प्रश्नावली यांत मात्र तसा फरक दिसला नाही.

म्हणजे इंद्रियाचं नुकसान एक आणि माणसाला होणारा त्रास वेगळा. हा फरक मनात ठेवून पुढची चर्चा वाचा.

यंत्रमानस

"रोबोट" या एका शब्दाखाली तीन फार वेगळी यंत्रं येतात. त्यांची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते. मी यंत्रांच्या हालचाली नियंत्रित करण्याच्या क्षेत्रात आहे, वैद्यकीय नव्हे, पण या विषयावर बरंच वाचलंय.

एक प्रकार म्हणजे आयोटासॉफ्ट. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या कामातून उभा राहिला, २०२१ मध्ये तिथल्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेची परवानगी मिळाली. हा छोटासा ढकलणारा भाग आहे, कवटीला स्क्रूने बसवतात. हाड कोरणं, वाट करणं, राउंड विंडो (कॉक्लियाची पडद्याने झाकलेली नैसर्गिक खिडकी) उघडणं हे सगळं सर्जनच करतात. यंत्राच्या हाती फक्त शेवटचा सरकवण्याचा वेग.

दुसरा, फ्रान्समधला रोबोटॉल. हा हात आहे. सर्जन बाजूच्या नियंत्रकाने तो चालवतात, थरथर गाळली जाते आणि आत जाण्याची दिशा धरून ठेवता येते. दिशा हा मुद्दा वेगाइतकाच मोठा आहे. तार वाकडी शिरली की आतल्या भिंतीवर घासते किंवा मधला पडदा फाडून वरच्या कप्प्यात जाते.

तिसरा हिअरो, स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कामातून आलेला. हा हाडातून थेट बोगदा कोरतो. सीटी स्कॅनवर आधी मार्ग आखायचा, मग चेहऱ्याच्या नसेच्या शेजारून १.८ मिमी व्यासाची वाट. रोबोट म्हणून सर्वांत थक्क करणारा हाच. पण तोलाचा प्रश्न जिथे सुरू होतो, म्हणजे कॉक्लियाच्या आत, त्याच्या उंबऱ्यापर्यंतच त्याचं मुख्य काम.

मृगजा, सर्जनना विचारा, यांपैकी कुठला? "रोबोटने करू" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

स्थिरपद

माझा अनुभव लिहितो. सहा वर्षांपूर्वी उजव्या कानात इम्प्लांट, हाताने केलेलं.

पहिले चार दिवस जग हलत होतं. डोकं वळवलं की भिंती मागून यायच्या. आठवड्यात बरंच कमी झालं, तीन आठवड्यांत मी रस्त्यावर एकटा चालू लागलो. स्विच-ऑन झालं, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू केलं, आवाज आला, आनंदात होतो. आणि अडीच महिन्यांनी एका पहाटे कुशीवर वळलो तर सगळी खोली गरगरली. उलटी झाली. मी घाबरून गेलो. वाटलं, आतली तार हलली, ऑपरेशन फसलं. दोन आठवडे मी डोकं हलवायचं टाळलं, उशांना टेकून बसून झोपलो. राग मनात धरला तो सर्जनवर.

शेवटी तोल-तपासणीच्या तज्ज्ञांनी मला पलंगावर आडवं करून डोकं एका बाजूला खाली नेलं, डोळे पाहिले आणि सांगितलं की कण सरकलेत. युट्रिकलमधले कॅल्शियमचे कण सुटून नलिकेत गेले होते. डोकं ठरावीक क्रमाने फिरवलं, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी मी सरळ झोपलो.

हे लिहायचं कारण, ऑपरेशनच्या टेबलावर जे झालं त्यावरच सगळं ठरत नाही. २००३ सालच्या एका अभ्यासात ७५ पैकी २९ जणांनी चक्कर सांगितली होती आणि त्या २९ मधल्या २५ जणांची उशिरा सुरू झालेली होती. मधलं अंतर साधारण अडीच महिने. माझंच वर्णन वाचतोय असं वाटलं.

शंखनाद

मी कान-नाक-घसा शल्यचिकित्सक. इम्प्लांट करतो, हाताने. रोबोटने केलेली ऑपरेशनं जवळून पाहिली आहेत, त्यामुळे जे लिहितो ते कुठल्याही बाजूचा झेंडा घेऊन नाही.

अनिकेत, तुमचं वेगाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवर वेग वाढला की आतला दाब वाढतो, हे दिसतं. यंत्राने बल अधिक एकसारखं राहतं, हेही दिसतं. पण तुम्ही ज्या २०१३ च्या अभ्यासाचा दाखला दिलात, तो मुळात वेगाचा अभ्यास आहे. हळू घालण्याचा फायदा त्यात दिसला. मिनिटाला १५ मिमी म्हणजे सेकंदाला ०.२५. तो वेग सलग राखायला यंत्र सोयीचं, हे मान्य. पण "हळू चांगलं" यावरून "रोबोटने तोल वाचतो" इथवर उडी मारताना मध्ये बऱ्याच पायऱ्या गाळल्या जातात.

तोल बिघडण्याची कारणं पाहा. तार घुसताना झालेली इजा, हे एक. कॉक्लिया उघडल्यावर आतला द्रव बाहेर येणं. रक्त किंवा हाडाचा चुरा आत जाणं. नंतरच्या आठवड्यांत होणारा दाह आणि तारेभोवती तयार होणारी तंतुमय जाळी. आतल्या द्रवाचं संतुलन बिघडून पडदे फुगणं. कण सुटणं, जे स्थिरपद यांना झालं. आणि काहींत यंत्र चालू झाल्यावर वीज तोलाच्या नसेकडे पसरणं. तार सरकवणारा रोबोट यांतल्या पहिल्या कारणावर थेट काम करतो, एखाद-दुसऱ्यावर अप्रत्यक्ष. बाकीची कारणं त्याच्या चार मिनिटांच्या बाहेरची आहेत.

उलट, हातानेच करायच्या काही गोष्टींनी तोल वाचतो याचा पुरावा जुना आहे. कॉक्लियाला वेगळं छिद्र पाडण्याऐवजी राउंड विंडोतून गेलं तर व्हेम्प जास्त टिकते आणि चक्कर कमी येते, हे २००८ मध्येच जर्मनीतल्या गटाने दाखवलं. जर्मन सर्जन लेनहार्टनी १९९३ मध्ये 'सॉफ्ट सर्जरी'ची कल्पना मांडली. शेवटचा पडदा उघडण्याआधी सगळं रक्त आणि चुरा धुऊन काढायचा, आतला द्रव शोषून घ्यायचा नाही, तार सावकाश घालायची. स्टेरॉइड आणि मऊ, लवचीक तार यांची त्यात भर पडली. ही शिस्त नसेल तर रोबोट काही वाचवू शकत नाही. असेल तर रोबोट त्यात थोडी भर घालू शकेल.

अनिकेत७७

डॉक्टर, पटलं. पण मग थेट तुलना का नाही? एका गटात रोबोट, दुसऱ्यात हात, आणि दोन्हीकडे व्हेम्प. इतकं अवघड आहे का?

कानोसा

तुलना होतायत, पण गट लहान आहेत. आणि त्यांचा मुख्य रोख तारेची जागा आणि उरलेलं ऐकणं यांवर असतो, तोल बहुधा मागाहून जोडलेला. गट लहान असला की काय होतं ते आकड्यात मांडून पाहा. नुसतं उदाहरण म्हणून धरा, हाताने केलेल्यांत ३० टक्क्यांचा सॅक्यूल जातो आणि रोबोटने २० टक्क्यांचा. हा मोठा फरक झाला, शंभरातले दहा कान वाचले. तरीही तो योगायोग नाही हे नेहमीच्या संख्याशास्त्रीय कसोटीवर दाखवायला दर गटात जवळपास २९० माणसं लागतात. वीस-वीस जणांचे दोन गट केले तर "फरक आढळला नाही" हेच बहुधा हाती येणार, खरा फरक असला तरी. म्हणून लहान अभ्यासातलं "फरक नाही" म्हणजे "दोन्ही सारखेच" असं वाचू नये. आणि लहान अभ्यासातलं "रोबोट सरस" हेही तितक्याच सांभाळून घ्यावं. रोबोटसाठी निवडलेले रुग्ण पुष्कळदा चांगलं ऐकणं उरलेले, कानाची रचना सरळ असलेले असतात.

आणखी एक खाचखळगा, जो मला कामात रोज दिसतो. व्हेम्प करताना कानात मोठा आवाज सोडतात. ऑपरेशननंतर मधल्या कानाची रचना थोडी बदलते, आवाज आत पोहोचतच नाही आणि व्हेम्प "गायब" दिसते. सॅक्यूल बिचारा धडधाकट असतो! त्यामुळे हाडावाटे कंपन देऊन केलेली व्हेम्पच धरावी. शिवाय साठीनंतर व्हेम्प मुळातच क्षीण होते, बऱ्याच जणांत येतही नाही. म्हणून माणसाची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदीशी करायची. आधीची नोंदच नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

मृगजा, म्हणून परत विचारते. तपासणी झाली आहे का?

मृगजा

नाही झाली. आज फोन करून विचारलं, तर "चक्कर येत नाही ना, मग गरज नाही" असं उत्तर मिळालं. आईला खरंच चक्कर येत नाही. म्हणूनच आम्हीही कधी विचार केला नाही.

कानोसा

चक्कर येत नाही म्हणजे तोल शाबूत आहे, असं नसतं. एका बाजूचं इंद्रिय वर्षापूर्वी गेलं असेल तर मेंदूने जुळवून घेतलेलं असतं. गरगरणं थांबतं, उणीव राहते. ती अंधारात, गादीवर, खडबडीत जमिनीवर कळते. तपासणी मागून घ्या. आईला फारसा त्रास होत नाही, कॅलोरिकच्या वेळी दोन-तीन मिनिटं गरगरेल तेवढंच.

वसुधा_क

मुलांबद्दल थोडं लिहू का? धागा मोठ्यांचा आहे, पण पुढे कुणी पालक वाचतील.

माझ्या मुलीला दीड वर्षाची असताना एका कानात इम्प्लांट झालं. मान उशिरा धरली होती, अकराव्या महिन्यात आधाराशिवाय बसली, चालायला एकवीस महिने. सगळे म्हणायचे, ऐकू येत नाही म्हणून मागे आहे. ऐकू न येण्याने मान कशी डळमळेल, हा प्रश्न मलाही तेव्हा सुचला नाही. दुसऱ्या कानाच्या वेळी नव्या डॉक्टरांनी आधी तोल तपासायला सांगितलं. कळलं की तोलाचं काम दोन्हीकडे जन्मापासूनच नाममात्र होतं. म्हणजे पहिल्या ऑपरेशनने काही बिघडवलं नव्हतं, आणि दुसऱ्याने बिघडण्यासारखं फारसं उरलेलंच नव्हतं. त्या एका तपासणीने मनावरचं किती ओझं उतरलं, सांगता येत नाही. पहिल्या वेळी घाई केली असं मी स्वतःला दोन वर्षं बोलत होते.

बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये २०१८ पासून कमी ऐकू येणाऱ्या बाळांची सहा महिन्यांच्या सुमारास व्हेम्पने तोलाची चाळणी करतात. आणि टोरांटोच्या गटाने दाखवलंय की तोल कमकुवत असलेल्या मुलांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाणही जास्त असतं. तोल कमी, म्हणून मूल जास्त वेळा पडतं आणि डोक्याला मार बसतो, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. तोल वाचवणं म्हणजे ते यंत्र वाचवणंही आहे. माझ्या मुलीला आता रोज अर्धा तास तोलाचे व्यायाम आहेत. सायकल अजून जमत नाही, पण एका पायावर सहा सेकंद उभी राहते.

शंखनाद

वसुधाताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. दोन्ही कानांच्या बाबतीत हा मुद्दा सर्वांत गंभीर. एका बाजूचा तोल गेला तर दुसरी बाजू आणि मेंदू मिळून सांभाळून घेतात. दोन्ही गेल्या तर चालताना नजर स्थिर राहत नाही, पाटीवरची अक्षरं उड्या मारतात, अंधारात पाऊल टाकवत नाही. म्हणून एकापाठोपाठ एक कान करायचे असतील तर मध्ये तपासणी हवीच.

मृगजा

तीन आठवड्यांनी लिहितेय. तपासणी झाली. कागद समोर ठेवून जसंच्या तसं देते.

उजवा कान: व्हीहिटमध्ये आडव्या नलिकेचा आकडा ०.८५ (१ च्या जवळ म्हणजे चांगला), कॅलोरिक चांगली, हाडावाटे केलेली व्हेम्प लहान पण आहे. डावा कान: व्हीहिट ०.४, कॅलोरिकला जवळजवळ प्रतिसाद नाही, व्हेम्प नाही. प्रश्नावलीत २५ प्रश्न होते, शंभरपैकी २८ गुण आले (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास).

तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, आई आज चालतेय ती उजव्या कानाच्या जिवावर. आणि आम्ही ऑपरेशन करायला निघालो होतो उजव्याच कानाचं! मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. महिनाभर आम्ही रोबोट की हात यावर वाद घातला. कुठला कान, हे कुणी विचारलंच नव्हतं.

कानोसा

मृगजा, वेळेत कळलं. आठ वर्षांपूर्वीच्या आजारपणात डाव्या कानाचं ऐकणं आणि तोल दोन्ही एकदमच गेलं असावं. त्या वेळी काही दिवस गरगरलं होतं का, आईला विचारून पाहा.

शंखनाद

निर्णय तुमच्या सर्जनचाच, मी रुग्ण पाहिलेला नाही. पण हा अहवाल त्यांच्यासमोर ठेवून बोलायला हवं. डाव्या कानात केलं तर उजवीकडचा तोल पूर्ण सुरक्षित राहतो. वजनाची दुसरी बाजू अशी की, कान जितकी जास्त वर्षं मुका राहिला तितकं इम्प्लांटनंतर शब्द कळायला वेळ लागतो आणि कमाल पातळीही कमी असू शकते. आठ वर्षं हा मोठा काळ आहे, पण मोठेपणी ऐकणं गेलेल्या माणसात तेवढ्याने दार बंद होत नाही. मधल्या काळात डाव्या कानात श्रवणयंत्र वापरलं होतं का, यावर बरंच अवलंबून. नस नीट आहे का, हे एमआरआयमध्ये दिसेल. आणि उजव्या कानात जे थोडं ऐकणं उरलंय तेही राहील, दोन्ही मिळून चालतील.

उजवाच करावा लागला, तर मात्र तो तोलाचा एकुलता एक कान आहे असं धरून जे जे शक्य ते सगळं करावं. राउंड विंडो, मऊ तार, स्टेरॉइड, आत जाताना कॉक्लियाचे विद्युत संकेत पाहत राहणं, आणि हो, हळू वेगासाठी रोबोटही. तिथे मी स्वतः त्याचा आग्रह धरेन. मोठा पुरावा यायची वाट पाहण्याची चैन त्या कानाला नसते.

अनिकेत७७

पहिल्या प्रतिसादात "विचार करण्यासारखं नाही" असं लिहून बसलो होतो. मृगजाताई, मनापासून सांगतो, ते वाक्य मागे घेतो.

मृगजा

सर्जनना भेटलो. त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि स्वतःहून म्हणाले की कान बदलू. आई डाव्या कानात दोन वर्षांपूर्वीपर्यंत श्रवणयंत्र लावायची, ते इथे कामी आलं. एमआरआय व्यवस्थित. रोबोटचा विषय दहा मिनिटांत मिटला. डाव्या कानात जपायला ना ऐकणं उरलंय ना तोल. ज्या पद्धतीवर सर्जनचा हात वर्षानुवर्षं बसलाय, त्याच पद्धतीने ते करतील.

स्थिरपद, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून आईला वाचायला दिली. कणांचं तिने दोनदा वाचलं. तिला आधी ठाऊक असलेलं बरं.

मृगजा

ऑपरेशनला आज सात आठवडे झाले. पहिले दोन दिवस डोकं जड होतं, गरगरलं मात्र नाही. तिसऱ्या दिवशी ती घरभर फिरत होती. स्विच-ऑन चौथ्या आठवड्यात झालं. अजून सगळे आवाज तिला चिमणीसारखे वाटतात, पण माझं नाव आणि "पाणी" हे दोन शब्द ओठांकडे न बघता कळले.

प्रश्न उरलाय तो अंधाराचा. भिंतीला हात लावणं चालूच आहे. तोलाचे व्यायाम सुचवलेत. अंगठा समोर धरून त्यावर नजर ठेवायची आणि डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. किती वेळ करायचं, यावर दोन जणांनी दोन उत्तरं दिली. आणि डोकं हलवताना कानामागची कॉइल (चुंबकाने डोक्याला चिकटणारा यंत्राचा बाहेरचा भाग) निसटते, तर यंत्र काढून करावं का?

कानोसा

भिंतीचा हात हा जुन्या उणिवेचा आहे, ऑपरेशनचा नाही. तो व्यायामानेच सुटेल, आणि सावकाश. इतक्या जुन्या त्रासात दिवसातून तीन वेळा, मिळून निदान २० मिनिटं करतात. अंगठ्याची रेघ स्पष्ट दिसत राहील इतकाच डोक्याचा वेग ठेवायचा, धूसर झाली की कमी करायचा. सुरुवात बसून, मग पाय जोडून उभं राहून, मग जाड उशीवर. उशीवर करताना मागे भिंतीचा कोपरा आणि पुढे खुर्ची हवीच, आणि तुम्ही शेजारी.

यंत्र काढू नका. ऐकू येत असलं की आजूबाजूच्या आवाजांचाही तोलाला थोडा आधार मिळतो. कॉइल निसटत असेल तर चुंबक एक क्रमांक जोरदार मिळतो, पुढच्या मॅपिंगला (यंत्राचे आवाज जुळवण्याच्या भेटीत) सांगा. पण चुंबकाखालची त्वचा रोज बघा, लाल झाली तर परत हलका. आणि पलंगापासून स्नानगृहापर्यंत जमिनीलगत एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवा, आजपासूनच.

मृगजा

दिवा लावलाय. आज व्यायामाचा तिसरा दिवस, सकाळचे सात मिनिटं झाले.